मशेरीतलं निकोटिन आणि पोटातल्या बाळाचा मेंदू: नेमकं काय होतं?

रानजाई · रात्री 9:40

आशाताईंच्या मासिक बैठकीत गरोदर बाईच्या मशेरीवर अर्धा तास बोलायचं आहे. तंबाखूनं कॅन्सर होतो हे सगळ्यांनी इतक्यांदा ऐकलंय की ते आता कानावरून जातं. बावीस वर्षांच्या पोरीला पन्नाशीतला कॅन्सर फार लांबचा वाटतो. पोटातलं बाळ मात्र आज लाथा मारतंय. म्हणून बाळाच्या मेंदूवरच बोलायचं ठरवलंय, पण एकही गोष्ट वाढवून सांगायची नाही. एकदा खोटं सापडलं की बाया पुढचं खरंही ऐकत नाहीत.

वाड्या-वस्त्यांवर नेहमी मिळणारी उत्तरं अशी: मशेरीला धूर कुठंय? आम्ही थुंकतो, गिळत नाही. तव्यावर काळी होईस्तोवर भाजली की तंबाखूचा कस जातो. सासूनं पाचही बाळंतपणांत लावली, पोरं धडधाकट आहेत. आणि सगळ्यांत पक्कं उत्तर म्हणजे मशेरी लावल्याबिगर सकाळी पोट साफ होत नाही.

जाणकारांना विचारायचं ते असं. हिरडीवर लावलेलं निकोटिन बाळापर्यंत किती पोचतं? ते मेंदूच्या पेशींना स्वतः काही करतं, की सगळा दोष बाळाचं वजन कमी भरण्याचा आहे? पाचव्या महिन्यात सोडली तर काही हाती लागतं का? निकोटिनच्या च्युइंगमचं काय? आणि अंगावर पाजणाऱ्या आईला काय सांगायचं?

सुईदोरा · रात्री 10:25

रानजाई, धुरापासूनच सुरुवात करते, कारण बोलणं तिथंच अडतं.

निकोटिन अल्कधर्मी आहे. त्याच्या रेणूवर विद्युतभार असला की तो तोंडाच्या आतल्या त्वचेतून पटकन जात नाही, भार नसला की सरळ आरपार जातो. पीएच म्हणजे आम्ल-अल्क मोजायचा आकडा, 7 मधला, त्याच्या वर गेलं की अल्कधर्मी. पीएच 7 असताना शंभरातले सुमारे 9 रेणू बिनभाराचे असतात, 8 ला निम्मे, 9 ला नव्वदच्या वर. तंबाखूत चुना मळल्यावर ती "लागते" ती यामुळेच. मशेरीत कुणी चुना किंवा राख मिसळत असेल तर तिथंही हेच होतं. थुंकण्याचा मुद्दा इथंच निकालात निघतो. निकोटिन गिळावं लागत नाही, हिरडी आणि गालाच्या आतल्या बाजूनं ते थेट रक्तात उतरतं. उलट गिळलेल्या निकोटिनचा बराच भाग यकृत पहिल्याच फेरीत मोडून टाकतं. हिरडीतून गेलेल्याला यकृत आधी भेटतच नाही.

सिगारेटचं निकोटिन 10 ते 20 सेकंदांत मेंदूत पोचतं. हिरडीतून गेलेलं हळू चढतं, साधारण अर्ध्या तासात शिगेला जातं आणि उतरतंही हळू. दिवसाची बेरीज केली तर तोंडातून तंबाखू घेणाऱ्याच्या शरीरात गेलेलं निकोटिन सिगारेट ओढणाऱ्याच्या तोडीचं भरतं. धूर नसल्यामुळे कार्बन मोनॉक्साइड वाचतो, हे खरं आहे आणि ते मान्य करून टाकावं. निकोटिन वाचत नाही.

भाजल्यानं निकोटिन काही प्रमाणात उडतं, पण सगळं जात नाही. मशेरी लावणाऱ्या बायांच्या लघवीत ते आणि त्याचं शरीरात होणारं रूप, कोटिनिन, दोन्ही सापडतात. वर भाजण्यामुळे बेंझोपायरिनसारखी डांबरवर्गातली द्रव्यं नव्यानं तयार होतात. म्हणजे कस जातो म्हणायचं तर तो थोडा जातो आणि त्याच्या जागी दुसरं विष येतं.

आता बाळापर्यंत. वार (प्लासेंटा) निकोटिनला अडवत नाही. सिगारेट ओढणाऱ्या आयांमध्ये मोजमाप झालंय: बाळाच्या रक्तातलं निकोटिन आईच्या रक्तातल्यापेक्षा सुमारे 15 टक्क्यांनी जास्त, आणि गर्भजलात त्याहूनही जास्त. बाळ त्याच पाण्यात लघवी करतं आणि तेच पाणी पुन्हा गिळतं. आईच्या अंगातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्मं होतं. नुकत्याच जन्मलेल्या बाळाला त्यालाच सुमारे 11 तास लागतात, कारण ते मोडणारं यकृतातलं एन्झाइम अजून तयार झालेलं नसतं.

आशाताईंना उपयोगी पडेल अशी एक गोष्ट: गरोदरपणात आईचं यकृत निकोटिन एरवीपेक्षा सुमारे 60 टक्के जास्त वेगानं काढून टाकतं. त्यामुळे तलफ लवकर लवकर येते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मशेरीचे खेप वाढले तर तिचं मन कमजोर आहे असं समजू नका आणि तिला तसं बोलू तर मुळीच नका.

भीमाकाठ · रात्री 11:50

पेशींना काय होतं ते सांगतो. थोडं लांबेल, पण गाभा इथंच आहे.

मेंदूच्या पेशी एकमेकींना निरोप द्यायला जी रसायनं वापरतात त्यांतलं एक म्हणजे अ‍ॅसिटिलकोलिन. ते पेशीवरच्या ज्या जागांवर जाऊन बसतं त्यांना ग्राहक म्हणतात, आणि त्यांच्या एका जातीवर निकोटिनही अगदी तसंच बसतं. म्हणून तर त्यांना निकोटिनिक ग्राहक म्हणतात. मोठ्या माणसाच्या मेंदूत हे ग्राहक लक्ष, जाग, आनंद असली कामं चालवतात. गर्भात त्यांचं काम निराळं असतं. ते पहिल्या तिमाहीतच उगवतात आणि तिथं अ‍ॅसिटिलकोलिन मेंदू बांधणाऱ्या मुकादमाचं काम करतं: या पेशींनी आता वाढणं थांबवा, पक्व व्हा, या दिशेला तंतू टाका, इथं जोडणी करा. प्रत्येक निरोपाची वेळ ठरलेली असते.

निकोटिन हाच निरोप अवेळी देतं, आणि दिवसात पाच-सहा वेळा देतं. अ‍ॅसिटिलकोलिन काम झाल्यावर क्षणात मोडलं जातं, कारण त्याला मोडणारं एन्झाइम शेजारीच बसलेलं असतं. निकोटिनला ते एन्झाइम हात लावत नाही, निकोटिन तासन्‌तास तिथं रेंगाळतं. भात लावणाऱ्या बायांना हे एका वाक्यात कळेल: फुटवे फुटायच्या आधीच भाताला पोटरी धरायला लावली तर पीक उभं दिसतं, पण लोंब्या कमी लागतात.

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात थिओडोर स्लॉटकिन यांच्या गटानं उंदरांवर हे वर्षानुवर्षं पाहिलंय. त्यांच्या कामातली हुशारी प्रयोगाच्या रचनेत होती. गाभण मादीला निकोटिनची सुई टोचली की तिच्या रक्तवाहिन्या आवळतात, बाळांना प्राणवायू कमी पडतो, आणि मग मेंदूचं नुकसान निकोटिननं झालं की गुदमरण्यानं हे सांगता येत नाही. म्हणून त्यांनी कातडीखाली छोटा पंप बसवला. त्यातून दिवसभर थेंबथेंब निकोटिन जातं, एकदम उसळी येत नाही. तरीही पिल्लांच्या मेंदूत पेशींच्या इजेच्या खुणा आणि घटलेली पेशीसंख्या सापडली, आणि पुढे जोडण्यांचं कामकाजही मंद निघालं. वजन घटवायला पुरेसं नसलेल्या मात्रेतही मेंदूत फरक दिसला. रानजाई, तुमच्या "सगळा दोष वजनाचा का" या प्रश्नाचं हे उत्तर. बाळ अडीच किलोच्या वर भरलं म्हणजे मेंदूला काही झालं नाही, असं धरता येत नाही. 1998 साली याच गटानं उंदराचे गर्भ आईच्या पोटाबाहेर, काचेच्या भांड्यात वाढवून त्यांना निकोटिन दिलं. तिथं ना वार, ना आईच्या रक्तवाहिन्या. मेंदूची नळी बनत असतानाच पेशी मरताना दिसल्या.

पेशी मरण्यामागं कॅल्शियम असतं. निकोटिनिक ग्राहकांपैकी अल्फा-7 नावाचा प्रकार उघडला की पेशीत कॅल्शियम शिरतं. थोडं शिरलं तर तो निरोप असतो. वारंवार, अवेळी शिरलं तर पेशीच्या आत ऑक्सिडीकरणाचा ताण वाढतो आणि कोवळी पेशी स्वतःला संपवण्याची वाट धरते.

श्वासाचा भाग तर सगळ्यांना कळलाच पाहिजे. जन्माच्या वेळी प्रत्येक बाळाला थोडा वेळ प्राणवायू कमी पडतो. तेव्हा त्याच्या मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथी मेंदूच्या हुकुमाची वाट न पाहता आपणहून अ‍ॅड्रिनलिन सोडतात आणि हृदय चालू ठेवतात. ही सोय फक्त नवजाताला असते. पुढे ग्रंथीला नसांची जोडणी झाली की ती आपोआप बंद होते. निकोटिन मिळालेल्या उंदरांच्या पिल्लांत ही जोडणी वेळेआधीच झाली होती, त्यामुळे सोय जन्माआधीच गेली. प्राणवायू कमी केल्यावर साधी पिल्लं तगली, ही दगावली. मेंदूच्या बुडातलं श्वास चालवणारं केंद्रही याच निकोटिनिक ग्राहकांनी भरलेलं असतं.

माणसांतला पुरावा कुठून आणायचा? धुराशिवाय निकोटिन घेणाऱ्या गरोदर बाया स्वीडनमध्ये आहेत. तिथं ओठाखाली ठेवायची स्नूस नावाची तंबाखू चालते आणि प्रत्येक जन्माची सरकारी नोंद होते. 2011 मध्ये तिथल्या नोंदींवरून दिसलं की स्नूस घेणाऱ्या आयांच्या बाळांमध्ये श्वास मधेच थांबण्याचं प्रमाण जवळजवळ दुप्पट होतं. 2023 मध्ये 20 लाखांहून जास्त जन्मांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा झोपेत अचानक बाळ दगावण्याचा धोका सुमारे तिप्पट निघाला. पहिल्या तपासणीआधी सोडलेल्यांत तो कमी होता. अशी बाळं एकूण फार थोडी असतात हेही सांगा, नाहीतर बाया रात्ररात्र जाग्या बसतील.

आपल्याकडचा पुरावा मुंबईतला आहे, 2004 चा, 1200 हून अधिक गरोदर बायांचा. तोंडातून तंबाखू घेणाऱ्यांची, म्हणजे मुख्यतः मशेरीवाल्यांची बाळं सरासरी 105 ग्रॅमनं हलकी भरली आणि सुमारे 6 दिवस आधी जन्मली. त्याच बायांच्या माहितीतून पुढे मृतजन्माचा धोका साधारण अडीच पट असल्याचं दिसलं.

रानजाई · सकाळी 7:05

भाताचं उदाहरण तसंच्या तसं वापरते. आणखी एक: "मूल अभ्यासात मागं पडेल, चंचल होईल" असं सांगायचं का? पुष्कळ पत्रकांत तसं छापलेलं असतं.

भीमाकाठ · सकाळी 8:30

ते छापील वाक्य तसंच्या तसं सांगू नका. फिनलंडमध्ये गरोदरपणीच्या रक्तातलं कोटिनिन मोजून 2019 मध्ये दिसलं की पातळी जितकी जास्त तितकं मुलांत अतिचंचलतेचं निदान जास्त. पण एकाच आईची दोन मुलं, एका वेळी तंबाखू चालू आणि दुसऱ्या वेळी बंद, अशी तुलना केली की हा फरक बराच विरघळतो. म्हणजे घरची परिस्थिती आणि आनुवंशिकता यांचाही त्यात मोठा वाटा आहे. उंदरांतला पेशींचा पुरावा पक्का, श्वासाचा आणि वजनाचा माणसांतला पुरावा बऱ्यापैकी भक्कम, वागण्याचा अजून वादातला. ज्या आईचं मूल आधीच शाळेत अडखळतंय तिच्या माथी हे मारणं अन्याय आहे.

"सासूची पाच पोरं धडधाकट" याला वाद घालू नका. धोका वाढतो म्हणजे प्रत्येकाला होतोच असं नसतं, एवढं पुरे.

पाचव्या महिन्याचं: सोडण्याचा फायदा तेव्हाही आहे, आठव्यातही आहे. सिगारेटवाल्या बायांत 15 आठवड्यांच्या आत सोडणाऱ्यांची अपुऱ्या दिवसांची आणि कमी वाढीची बाळंतपणं कधीच न ओढणाऱ्यांइतकीच कमी निघाली. पण मेंदूची सगळ्यांत झपाट्याची वाढ शेवटच्या तीन महिन्यांत आणि जन्मानंतरच्या दोन वर्षांत होते. त्यामुळे "आता काय उपयोग" याला जागाच नाही.

जात्यावरची_ओवी · सकाळी 10:15

सोडवायची कशी ते मी लिहिते.

आधी तीन दिवस नुसती मोजणी. किती वाजता, कशानंतर, किती वेळ बोट तोंडात. बहुतेकींचं सकाळी उठल्यावर, दोन जेवणांनंतर आणि झोपताना असं पक्कं बसलेलं असतं, बाकीचे खेप रिकामपणाचे असतात. रिकामपणाचे आधी जातात, मग जेवणानंतरचे. सकाळची शेवटी सोडायची, कारण रात्रभरात निकोटिन उतरलेलं असतं आणि तलफ तिथंच सगळ्यांत जोरात असते. हे सगळं एक-दोन आठवड्यांत आटपायचं, लांबवलं तर रेंगाळतं. पूर्ण बंद केल्यावर दुसरा-तिसरा दिवस सर्वांत जड: चिडचिड, डोकं दुखणं, झोप उडणं. दोन ते चार आठवड्यांत निवळतं. एकेक तलफ काही मिनिटांचीच असते. तेवढा वेळ तोंडात बडीशेप, लवंग किंवा आवळ्याची फोड, आणि हाताला काम.

पोट साफ होण्याचं म्हणणं खोटं नाही, त्याची टिंगल करू नका. निकोटिन आतड्यांची हालचाल खरोखर वाढवतं. सोडल्यावर काही दिवस बद्धकोष्ठ होतं, आणि त्याच वेळी लोहाच्या गोळ्या चालू असतात, त्याही पोट घट्ट करतात. बाई दोन्हीचा दोष मशेरी सोडण्याला देते आणि आठव्या दिवशी डबी पुन्हा उघडते. म्हणून तयारी आधीच करा: उठल्यावर कोमट पाणी, नाश्त्यानंतर दहा मिनिटांत बसायची सवय, रात्री पेलाभर पाण्यात एक-दोन चमचे इसबगोल आणि वर आणखी पाणी. लोहाची गोळी बंद करायची नाही. तंबाखू घेणाऱ्या गरोदर बायांत रक्त कमी असण्याचं प्रमाण मुळातच जास्त असतं.

दात कशानं घासायचे हेही सांगावं लागतं, नाहीतर मशेरी जाते आणि तपकीर येते. तीही तंबाखूच. दंतमंजनात तंबाखू घालायला 1992 पासून देशात बंदी आहे, पण त्यानंतरही काही लाल मंजनांत निकोटिन सापडलेलं आहे. मऊ ब्रश आणि वाटाण्याएवढी साधी पेस्ट द्या. गरोदरपणात हिरड्यांतून रक्त येतंच, ते मशेरी सोडल्यामुळे येतंय असं वाटून बाई घाबरते.

च्युइंगमबद्दल सावध. आपल्याकडे 2 मिलिग्रॅमची चिठ्ठीशिवाय मिळते, 4 ची चिठ्ठीवर. पण गरोदर बाईला दुकानातून आणून द्यायची नाही. त्यातही निकोटिनच आहे आणि वर भीमाकाठ यांनी लिहिलेलं सगळं त्यालाही लागू. 2013 च्या शिफारशींत जागतिक आरोग्य संघटनेनं गरोदरपणात निकोटिनच्या उत्पादनांच्या बाजूनं किंवा विरोधात कौल दिलेला नाही. व्हॅरेनिक्लिन आणि ब्युप्रोपियॉन या तंबाखू सोडवायच्या गोळ्या मात्र नकोत असं स्पष्ट म्हटलंय. समुपदेशन करूनही सुटत नसेल तर डॉक्टर तोलून ठरवतील. दिलीच, तर चघळायची पद्धत शिकवा, कारण बाया ती साध्या गमसारखी चावतात. हळू आठ-दहा वेळा चावायची, तिखट झणझण आली की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायची, झणझण गेली की पुन्हा दोन-चार वेळा चावायची. असं अर्धा तास. भराभर चावली की निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं, छातीत जळजळतं, उचकी लागते आणि तलफ तशीच राहते. आधी पंधरा मिनिटं चहा, कॉफी, लिंबू-कोकम सरबत नको. आंबटानं तोंडाचा पीएच उतरतो आणि सुईदोरा यांनी सांगितल्याप्रमाणे निकोटिन आत जात नाही.

1800-11-2356 ही तंबाखू सोडण्यासाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. फुकट आहे, मराठीतून बोलता येतं. आशाताईंनी स्वतःच्या फोनवरून तिथंच लावून द्यावा, नंबर लिहिलेला कागद चुलीत जातो.

चिंचेचं_झाड · दुपारी 2:40

बाळंतपणानंतरचं राहिलं होतं.

दुधात निकोटिन आईच्या रक्तातल्या जवळजवळ तिप्पट साचतं, कारण दूध रक्तापेक्षा किंचित आम्लधर्मी असतं आणि अल्कधर्मी निकोटिन तिथं अडकतं. 2007 च्या एका अभ्यासात आयांनी सिगारेट ओढल्यानंतरच्या साडेतीन तासांत बाळं 53 मिनिटं झोपली, न ओढलेल्या दिवशी 84. तरीही अंगावरचं दूध तोडायचं नाही, हे पहिल्या वाक्यात सांगा. नाहीतर बाई मशेरी ठेवते आणि दूध सोडते. सुटेपर्यंत क्रम बदला: आधी पाजायचं, मग मशेरी, मग चूळ भरून साबणानं हात धुवायचे. पुढच्या पाजण्यापर्यंत दोन-तीन तास गेले की दुधातलं निकोटिन निम्म्याच्या खाली येतं. बाळाला पाठीवर झोपवा, शेजारी उशा आणि गोधड्यांचा ढीग नको.

दात येताना हिरडी चोळायला आजी बोट घालते. त्याच बोटानं मशेरी लावलेली असते. हात धुतल्याशिवाय बाळाच्या तोंडात बोट नाही, हे आजीला वेगळं सांगावं लागतं.

आणि रांगतं मूल. मशेरीची उघडी डबी चुलीपाशी किंवा न्हाणीच्या कट्ट्यावर असते. लहान मुलाला एक-दोन मिलिग्रॅम निकोटिननंही त्रास होतो. पाऊण-एक तासाच्या आत ओकारी, तोंडातून लाळ, घाम, चेहरा पांढराफटक. हा पहिला टप्पा, ग्राहक एकदम पेटल्याचा. जास्त गेलं असेल तर थरथर आणि झटके येतात, आणि मग उलटं होतं: तेच ग्राहक बंद पडतात, अंग ढिलं होतं, श्वास मंदावतो. पहिल्या टप्प्यानंतर मूल शांत झालं म्हणून बरं वाटलं असं समजून झोपवलं, तर तिथंच घात होतो. बोट घालून किंवा मिठाचं पाणी पाजून ओकवू नका. तोंडातली पूड ओल्या फडक्यानं पुसून काढा, कुशीवर ठेवा, 108 ला फोन करा आणि डबी बरोबर न्या. दवाखान्यात लाळ आणि मंद नाडीसाठी अ‍ॅट्रोपिन, झटक्यांसाठी औषध आणि गरज पडली तर श्वासाचं यंत्र देतात. हे तास निभावले की बहुतेक मुलं एका दिवसात सावरतात.

रानजाई · संध्याकाळी 6:20

क्रम असा ठेवते: भाताचं उदाहरण, मग बद्धकोष्ठाची तयारी, मग आजीचं बोट आणि डबी. श्वासाचं आशाताईंपुरतं ठेवते, घरोघर नाही. चुना-राखेचा मुद्दा दाखवायला लिटमसचा कागद आणि दोन वाट्या नेता येतील: एकीत पाण्यात कालवलेली नुसती मशेरी, दुसरीत चिमूटभर राख टाकलेली. चालेल का?

सुईदोरा · संध्याकाळी 7:00

लिटमस नुसता लाल-निळा होतो, त्यातून पीएचचा आकडा कळत नाही. 1 ते 14 आकड्यांची पीएचची पट्टी आणा, शाळेच्या प्रयोगशाळेत असते. मशेरीचं पाणी काळं असतं, पट्टीवर रंग कळणार नाही, म्हणून दोन्ही वाट्या आधी चहाच्या गाळणीवर रुमाल ठेवून गाळून घ्या. आणि हळदीचं पाणी शिंपडलेला पांढरा कागदही जवळ ठेवा. राखेच्या पाण्याचा थेंब पडला की तो तांबूस होतो, तो मागच्या रांगेतल्या बाईलाही दिसतो.